हदगावची टकटक

"लँडलाइन आता कोण वापरतं हो?" हा प्रश्न मला बहुतेक लोक मोबाइलवरून विचारतात आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत त्यांची रेंज जाते. म्हणून इथं एकदाच लिहून टाकते. बँका वापरतात, दवाखाने वापरतात, आडत दुकानं वापरतात. ज्यांना मोबाइलची बारीक अक्षरं दिसत नाहीत ती माणसं वापरतात. लातुरातल्या वसतिगृहांचं तर लँडलाइनशिवाय पान हलत नाही. कोणाला शंका असेल तर त्यानं माझ्याबरोबर एक दिवस फिरावं. दुपारचा डबा माझ्याकडून.

टेलिफोनच्या कामातच माझी उमेदीची वर्षं गेली. आधी तांब्याच्या तारा जोडल्या, आता त्याच काढून काचेच्या जोडते. लातूर शहर, निलंगा आणि शिरूर अनंतपाळ एवढ्या भागात घरोघर फायबर न्यायचं आणि लोकांचा जुना घरचा फोन त्यावर चालू करून द्यायचा, हे आमच्या टीमचं काम. कंपनी मोठी, आम्ही तिचे कंत्राटी. टीममध्ये माझा उजवा हात म्हणजे बशीरभाई. वयानं माझ्याहून मोठे, पण खांबावर चढताना ते कोणाला खरं वाटत नाही. मला ते ताई म्हणतात. बाकीचे माझ्यामागं यादीवाली म्हणतात, हे मला माहीत आहे. म्हणू द्या. यादी नसलेल्या माणसाला एकाच घरी परत परत जावं लागतं, आणि मला तेवढा वेळ नाही.

बाहेरच्या माणसाला हे काम थोडक्यात सांगते. तांब्याची तार आपल्यासोबत थोडी वीज घेऊन यायची. त्यामुळं घरातली लाइट गेली तरी फोन चालू राहायचा. काचेच्या तारेतून येतो तो नुसता उजेड, आणि उजेडानं घंटी वाजत नाही. म्हणून घरात मॉडेमची डबी बसवायची. ती घरच्या विजेवर चालते, उजेडाचं इंटरनेट करते आणि तिच्या पाठीमागच्या एका भोकात फोनची वायर जाते. तुमचा नंबर आता तारेला बांधलेला नसतो. मॉडेम चालू झाला की तो कंपनीच्या संगणकाला कळवतो, "अमुक नंबर माझ्यापाशी आहे, त्याला फोन आला तर इकडं पाठव." हे कळवणं फसलं तर इंटरनेट झकास चालतं आणि फोन मुका राहतो. पुष्कळ जोडणारे हिरवा दिवा लागला की पिशवी उचलतात, कारण कंपनीच्या हिशेबी काम तिथंच संपतं.

माझ्या हिशेबी संपत नाही. फोन बाहेरून आत आला पाहिजे, आतून बाहेर गेला पाहिजे, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं तो स्वतःच्या हातानं उचलून बोललं पाहिजे, आणि त्यानंतर घरचा मेन स्विच पाडून हे सगळं पुन्हा बघायचं. बॅटरीची छोटी पेटी जोडलेली नसेल तर हे शेवटचं जमत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडं लाइट कशी जाते हे कंपनीच्या मुंबईच्या माणसांना माहीत नसेल, मला माहीत आहे.

एवढं करूनही लोक लोकच असतात. शिरूर अनंतपाळला एका घरी फोन रोज संध्याकाळी चालू व्हायचा आणि आरतीनंतर बंद पडायचा. जाऊन बघितलं, तर मॉडेमची पिन देवघरातल्या दिव्यांच्या माळेच्या बोर्डात. घरच्या काकू मलाच म्हणाल्या, "त्यो उजेडावर चालतो म्हणलाव न्हवं तुम्ही? मग उजेडापाशीच ठेवला." चूक माझ्या समजावण्यातच होती. निलंग्याच्या एका मास्तरांकडं गोल चकतीचा काळा फोन होता. आम्ही बसवतो त्या मॉडेमला ती चकती कळत नाही. फोन येतो, पण करता येत नाही. मी बटणांचा फोन घ्या म्हटलं. मास्तर म्हणाले, "नको. मला कोणालाच करायचा नाही. ज्याला गरज असेल तो करील." माझ्या यादीतली 'बाहेर गेला पाहिजे' ही ओळ त्या घरी ग्राहकाच्या हट्टानं कोरी राहिली. माझ्या हट्टानं काय राहिलं ते आता सांगते.

लातुरात शिकवण्यांसाठी सगळ्या मराठवाड्यातून मुलं येतात, हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्या वसतिगृहांत मोबाइलला बंदी असते, हे पालकांखेरीज फारसं कोणाला माहीत नसतं. असंच मुलींचं एक वसतिगृह आमच्याकडं फायबरला आलं. तिथं महानंदाबाई सगळं बघतात. त्यांच्या खोलीबाहेर, जिन्याखाली, एका स्टुलावर फोन. संध्याकाळी जेवणाआधी पालकांचे फोन यायची वेळ. मुली जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीनं बसतात, महानंदाबाई फोन उचलतात आणि नाव पुकारतात. मुलींना तिथून बाहेर फोन लावता येत नाही, त्याला कुलूप असतं आणि त्याची किल्ली बाईंच्या कमरेला.

आम्ही तांबं काढलं, काच जोडली. माझी यादी पूर्ण झाली. महानंदाबाईंनी स्वतः फोन उचलून बोलून बघितलं, मेन स्विच पाडल्यावरही बोलून बघितलं आणि म्हणाल्या, "म्याडम, आवाज किती साफ येतोय ओ! बाजूला बसल्यासारखा." मी खूश होऊन निघाले.

थोड्याच दिवसांत त्याच नंबरची तक्रार आली. मी गेले. महानंदाबाई तावात होत्या.

"तुमचा फोन बसल्यापासून रोज सांजच्याला एक मेला फोन करायलाय अन् बोलतच न्हाई. पोरींचं हॉस्टेल हाय हे! त्याचा नंबर बंद करून टाका. तशा मी परवा त्याला अशा शिव्या घातल्यात, म्हणलं, मुडद्या, तुझ्या घरी आई-बहीण न्हाई का? तवापासून आला न्हाई. पण अशांचा काय भरवसा?"

मी आलेल्या फोनांचे नंबर काढून बघितले. रोज एकाच वेळी, एकाच नंबरवरून. "हदगावचा नंबर आहे," मी म्हणाले.

पायऱ्यांवर एक मुलगी पुस्तक घेऊन बसली होती. ती उभी राहिली. "हदगाव? शेवटचे आकडे सांगा." मी सांगितले. ती म्हणाली, "काकू, ते माझे अण्णा हायेत."

महानंदाबाई म्हणाल्या, "येडी का काय! तुझे अण्णा तर वाजवत्यात की. टकटक झालं की मी तुला लगेच हाक मारते. ह्यो तर वाजवत बी न्हाई. एकदम खामोश."

मुलीचं नाव कोमल. डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करायला आलेली. तिच्याकडून सगळं कळलं. तिचे वडील हदगावला शिंपी. आजारपणात घशातली आवाजाची पेटीच काढावी लागली, तेव्हापासून ते बोलू शकत नाहीत. दुकानात लँडलाइन आहे, ती अजून तांब्यावरची. रोज संध्याकाळी ते वसतिगृहात फोन लावायचे आणि बोटातल्या अंगुस्तानानं, म्हणजे सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात त्या पत्र्याच्या टोपीनं, फोनच्या तोंडावर वाजवायचे. एकदा वाजवलं की हाव. दोनदा वाजवलं की न्हाई. भरभर वाजवलं म्हणजे हसायलेत. अंगुस्तान घासत नेलं म्हणजे आता पुरे, अभ्यास कर. दिवसभरात काय वाचलं ते कोमल त्यांना म्हणून दाखवायची आणि ते मध्ये मध्ये वाजवायचे. मोबाइलवरून ही टकटक धड ऐकू जात नाही, म्हणून दुकानाचाच फोन.

"मला वाटलं, अण्णांनी फोन करायचं सोडलं," ती म्हणाली. "आईनं तिच्या मोबाइलवरून इथं फोन केला तवा विचारलं, तर ती म्हणली, करत असतेत की रोज. मला वाटलं, माझी समजूत घालून राहिली. आता मी रविवारी घरी जायलेय. काकूला सांगितलंय मी. अण्णाला ऐकवल्याबिगर माझा अभ्यास होत न्हाई. इथं राहून काय करू?"

महानंदाबाई स्टुलावरचा फोन बाजूला सारून तिथंच बसल्या. "मी त्या माणसाला मुडद्या म्हणले," त्या म्हणाल्या. "त्याला सगळं ऐकू येत असल."

ऐकू येतच होतं. तेवढं मात्र आमच्या लाइनवर अगदी साफ जात होतं.

मी बशीरभाईंना आमच्या ऑफिसच्या फोनवरून तिथं फोन लावायला सांगितला. तो फोनही तांब्यावरचाच. ते बोलले, बाजूला बसल्यासारखे. मग म्हटलं, "आता बोलू नका. फोनवर बोट वाजवा." पलीकडं काही नाही. खरखरसुद्धा नाही.

"बशीरभाई, वाजवा की."

"ताई, वाजवून वाजवून नख दुखायलं!"

त्यांचं नख दुखतंय हे कळलं, वाजवलेलं कळलं नाही. मी नांदेडला नेटवर्कच्या साहेबांना फोन लावला. साहेब तरुण आहेत, हुशार आहेत, आणि त्यांनी मला कधी उडवून लावलेलं नाही, हे आधी लिहिते. कारण दोष काय तो त्यांनीच क्षणात सांगितला.

"मॅडम, ही यंत्रणा बोलण्यासाठी बनवलेली आहे. माणूस बोलत असतो तेवढंच ती पाठवते. बोलणं थांबलं की पाठवणं थांबतं, त्यात जागा वाचते. पंखा, रस्त्यावरच्या गाड्या, ठकठक हे सगळं ती कचरा समजून गाळते. म्हणून तर आवाज इतका स्वच्छ येतो."

"मग हे गाळणं बंद करा."

"सगळ्या भागाला एकच साचा आहे, तो वरून येतो. एका घरासाठी मला बदलता येत नाही. त्यांना व्हिडिओ कॉल करायला सांगा ना."

"मोबाइलला बंदी आहे तिथं."

"मग रेक्टरच्या मोबाइलवर..."

"अख्ख्या हॉस्टेलच्या पोरींनी? आणि ती टकटक मोबाइलवर तरी कुठं ऐकू जाते?"

"मॅडम, एका मुलीसाठी यंत्रणा बदलत नाही. व्हॉइस टेस्ट पास आहे. ग्राहकाकडून ओटीपी घ्या आणि तक्रार बंद करा."

"साहेब, त्या पोरीचा बाप रोज फोन करत होता आणि आपण त्याला गाळत होतो. टेस्ट पास म्हणजे काय?"

"तक्रार पेंडिंग राहिली तर तुमच्या टीमच्या नावापुढं लाल येईल. नव्या भागाचं काम थांबेल. मी ते थांबवू शकणार नाही."

"येऊ द्या लाल," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

इथं तांब्याबद्दल एक सांगायला हवं. तांब्याची तार गेली म्हणून मी रडणाऱ्यांतली नाही. पावसाळ्यात ती भिजायची, चोर ती कापून न्यायचे, दोष शोधता शोधता पाठ मोडायची. पण त्या तारेला आतून काय चाललंय याच्याशी देणंघेणं नव्हतं. खोकला, मागचा रेडिओ, शेजारचं भांडण, पाळण्याची करकर, जे येईल ते ती पोचवायची. बोलणं कशाला म्हणायचं हे तिनं कधी ठरवलं नाही. ते ठरवणारं यंत्र मी माझ्या हातानं त्या जिन्याखाली बसवलं होतं, आणि माझ्या यादीत 'वाजवून बघा' अशी ओळ नव्हती. आता आहे.

दुसऱ्या दिवशी साहेबांचाच फोन आला. ऑफिसच्या नंबरवरून नव्हता, त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवरून होता.

"मॅडम, मॉडेमच्या आतल्या सेटिंगच्या पानावर आवाजाचा एक भाग असतो. तिथं काय काय असतं ते मी तुम्हाला सांगत नाहीये."

"नका सांगू."

"शेवटून दुसऱ्या चौकोनातली खूण काढून टाकली तर गाळणं बंद होतं, हेही मी सांगत नाहीये."

"मी ऐकलंच नाही."

"आणि ते टिकणार नाही. आपला संगणक मधून मधून सगळ्या मॉडेमना साच्यात परत बसवतो. तुम्ही काढलेली खूण परत येईल."

"कधी?"

"त्याच्या मर्जीनं."

"मग माझ्या मर्जीनं मी ती पुन्हा काढीन."

मी वसतिगृहात जाऊन खूण काढली. बशीरभाईंनी ऑफिसातून बोट वाजवलं. टक. इतका छोटा आवाज ऐकून मला इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. महानंदाबाईंनी कानाला लावलं आणि म्हणाल्या, "हाव! हेच ते!"

पण आता हदगावहून फोनच येत नव्हता. संध्याकाळी कोमल पायऱ्यांवर बसून राहिली, मी स्टुलापाशी उभी. शेवटी महानंदाबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि कुलूप उघडून दुकानाचा नंबर लावला. फोन कोमलच्या हाती द्यायचा तर म्हणाल्या, "थांब, मी पयली माफी मागते." पलीकडं फोन उचलला गेला. बाई म्हणाल्या, "दादा, मी हॉस्टेलवरून महानंदाबाई..." आणि पलीकडून धाडकन बंद. पुन्हा लावला तर एंगेज. परत परत एंगेज.

"रिसिव्हर काढून ठेवला त्यांनी," कोमल म्हणाली. "अण्णा लई मानी हायेत." आणि ती वर निघून गेली. वरून पेटी ओढल्याचा आवाज आला.

मी घरी जाऊन ठरवलं. शनिवारी मी हदगावला जाणार, बशीरभाई वसतिगृहात फोनपाशी बसणार. आमच्या घरच्यांनी विचारलं, "हदगाव तुमच्या भागात येतं का?" येत नाही. म्हटलं, फोनची दोन टोकं असतात, एक माझ्या भागात आहे.

लातूरहून नांदेड, नांदेडहून हदगाव. एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली, तेवढंच सुख. मारोती टेलर हे कोमलच्या अण्णांचं नाव बसस्टँडवर पहिल्याच माणसाला माहीत होतं. कापूस बियाण्याच्या दुकानाला लागून लहानशी जागा, पुढं मशीन, मागं टांगलेल्या विजारी. माणूस सडसडीत, गळ्याला दस्तीचा रुमाल गुंडाळलेला, काजं करत बसलेला. कोपऱ्यातल्या फोनचा रिसिव्हर खाली काढून ठेवला होता आणि त्यावर कापडाचा तुकडा टाकला होता.

मी म्हणाले, "नमस्कार दादा. मी लातूरहून आले. कोमलच्या हॉस्टेलचा फोन मी बसवलाय."

त्यांनी खडू घेतला आणि समोरच्या काळ्या कापडावर लिहिलं, 'बोलता येत नाही.'

"मालूम आहे मला."

त्यांनी ते पुसलं आणि सावकाश लिहिलं, 'पोरींच्या हॉस्टेलात फोन करणार नाही. बाई बरोबर बोलल्या. मुका माणूस फोनवर शोभत नाही.'

मी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग मला जो राग आला तो त्या बिचाऱ्यावर निघाला.

"कोण म्हणतं शोभत नाही? तुम्ही रोज वाजवत होता, चांगलं मोठ्यानं वाजवत होता. आमची मशीन ते कचरा समजून टाकून देत होती. महानंदाबाईंना काही ऐकूच गेलं नाही. त्यांना वाटलं कोणी टवाळ आहे. चूक मशीनची, आणि ती मशीन मी बसवली. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, मी समोर उभी आहे. पण ती पोरगी पेटी भरून बसलीय. उद्या ती इथं तुमच्या दारात असेल आणि पुन्हा लातूरला जाणार नाही. ते शोभेल का?"

शेवटचं ऐकून त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. पेटीचं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ते फोनकडं बघत राहिले, पण हात पुढं केला नाही. मीच कापड उचललं, रिसिव्हर जागेवर ठेवला, पुन्हा उचलून नंबर लावला.

"हां ताई," बशीरभाई पलीकडून. "पोरगी इथंच हाय. पेटी बी इथंच हाय, पायापाशी."

"द्या तिला." मी रिसिव्हर मारोतरावांच्या कानाला धरला. आवाज इतका साफ की मलाही ऐकू येत होता.

"अण्णा?"

त्यांनी रिसिव्हर हातात घेतला. वाजवलं नाही.

"अण्णा, तुम्हीच हाव का? वाजवा की."

अंगुस्तान घातलेलं बोट फोनच्या तोंडाशी आलं आणि तिथंच थांबलं. मला वाटलं, मी काढलेली खूण आज सकाळीच परत आली असली तर? बशीरभाईंनी तपासलं असेल का? असा घाम मला खांबावर कधी फुटला नव्हता.

"न्हाई वाजवायचं तर उद्या कशाला, मी आजच निघाले बघा. दुपारची बस हाय."

टक.

मग कोमल म्हणाली, "अजून एकदा."

टक.

"तुम्हाला राग आला व्हता का माझा?"

टक टक.

"खोटं बोलायलाव तुम्ही."

मारोतरावांनी माझ्याकडं पाहिलं. मग तोंड भिंतीकडं करून एकदा वाजवलं. टक.

कोमल हसली की रडली ते मला नीट कळलं नाही. पण त्यानंतर मारोतरावांचं बोट भरभर चालायला लागलं, मशीनच्या सुईसारखं, आणि पलीकडून पोरगी एकटीच बोलत सुटली. कोणत्या सरांनी काय शिकवलं, कुठली चाचणी बिघडली, भाजीत मीठ किती असतं, सगळं. मध्येच महानंदाबाईंनी फोन हिसकावून घेतलेला ऐकू आला.

"दादा, मी लई वाईट बोलले न्हवं का तुम्हाला?"

टक.

"हाव म्हणलेत," बाई बशीरभाईंना सांगत होत्या. बशीरभाई म्हणाले, "मग बरोबरच हाय की बाई, सवालच तसा केलाव."

शेवटी मारोतरावांनी अंगुस्तान फोनवरून हळूच घासत नेलं. पुरे, अभ्यास कर. कोमल म्हणाली, "करते की. आधी पेटी तर रिकामी करू द्या."

परत निघताना त्यांनी मला हातानं थांबवलं, माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा उसवलेला पट्टा बघितला, पिशवी रिकामी करायला लावली आणि मशीनवर शिवून दिला. मी काही म्हणायच्या आत दोनदा वाजवलं. म्हणजे न्हाई, काही घेणार न्हाई.

हे होऊन बरेच महिने झाले. साहेब म्हणाले होते तसंच होतं. कंपनीचा संगणक मधून मधून साचा परत बसवतो आणि टकटक पुन्हा गायब होते. त्याला आता महानंदाबाई तयार आहेत. संध्याकाळी फोन उचलला आणि पलीकडं खामोश असलं, तर पहिल्यासारख्या शिव्या देत नाहीत. "थांबा दादा, मशीन पुन्हा येडं झालंय, म्याडमला बोलावते," असं त्या शांततेला सांगतात, आणि मग मला किंवा बशीरभाईंना फोन. आमच्यापैकी जो जवळ असेल तो जातो आणि खूण काढतो. नियमात हे बसत नाही. मी मागच्या बैठकीत सर्वांसमोर सांगितलं की मी हे करते, आणि हा साचा बदलावा असा अर्जही वर दिला. एक उत्तर आलं की विचार चालू आहे. मी पुन्हा अर्ज दिला. अर्ज द्यायला मला कंटाळा येत नाही.

ती तक्रार मी बंद केलेली नाही. ओटीपी मागायलासुद्धा गेलेले नाही. फोन साच्याबाहेर गेल्याशिवाय दोष गेला असं मी कसं लिहू? त्यामुळं टीमच्या नावापुढं लाल आहे आणि उदगीरकडचा नवा भाग दुसऱ्यांना गेला. बशीरभाई म्हणतात, "ताई, लाल रंग बी वाईट न्हाई दिसत."

परवा साहेबांनी पुन्हा विचारलं, या वेळी वैतागून नाही, खरंच जाणून घ्यायला. "मॅडम, ही तक्रार किती दिवस उघडी ठेवणार तुम्ही?"

मी म्हणाले, "कोमलची परीक्षा होईपर्यंत तरी. आणि साहेब, आधीच सांगून ठेवते, तिची धाकटी बहीण नववीत आहे. दहावी झाली की तीही लातूरलाच येणार आहे."